आठ पावलांवरचं माहेर

आमच्या गल्लीची रुंदी माझ्या मापानं आठ पावलं आहे. सतरा वर्षांपूर्वी शेजारच्या घरातली सून पहिल्या बाळंतपणासाठी ही आठ पावलं ओलांडून माहेरी गेली, तेव्हा तिला पोहोचायला पाऊण तास लागला. नवरा ऑटो चालवतो. त्यानं तिची निळी बॅग मागे ठेवली, तिला बसवलं, ऑटो गल्लीबाहेर काढला आणि रेल्वे स्टेशन, सेवाग्रामचा फाटा, तिथून परत, असा वर्धा शहराला वळसा घालून समोरच्याच दारात आणून उभा केला. दारात सिस्टर पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या.

"आली का माय? रस्त्यात तरास तं नाई झाला?"

"नाई. बसाले जागा भेटली," ती म्हणाली.

सिस्टर म्हणजे सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्सबाई. गल्लीत त्यांना नावानं कोणी हाक मारत नाही आणि त्यांचा शब्द कोणी मोडत नाही. मी चालतच येते की, असं सुनेनं सुचवलं होतं. त्यावर सिस्टरनी नवऱ्याला दटावलं, "माहेरी का कोनी पायदळ येते? लोकं काय म्हनतीन?" लोक म्हणजे आम्हीच, आणि आम्ही सगळ्या आपापल्या ओट्यावर बसून तो ऑटो जातानाही पाहिला आणि येतानाही.

हे सगळं करावं लागलं, कारण तिला माहेर नव्हतं. सावंगीच्या एका खानावळीत ती पोळ्या लाटायची, नवरा तिथे ऑटोनं भाजी पोचवायचा, तिथेच जमलं. लग्नाला तिच्याकडून कोणी आलं नाही. सासूनं गल्लीला एवढंच सांगितलं, "अनाथ हाय, पन हात चालते तिचा." बाईला माहेर नसणं ही आमच्याकडे एक अडचण मानतात, नळाला पाणी न येण्यासारखी, आणि ती गल्लीनं मिळून दूर करायची असते. पहिलं बाळंतपण सिस्टरकडे झालं. त्यांच्या घरात बुद्धाची मूर्ती आहे; ओटी वगैरे त्या मानत नाहीत. सातव्या महिन्यात त्यांनी तिच्या पदरात लोहाच्या गोळ्यांची पाकिटं घातली आणि घेतल्या की नाही ते रोज सकाळी विचारलं. मुलगी झाली. सहा वर्षांनी दुसऱ्या खेपेला कोपऱ्यावरच्या किराणावाल्या वहिनींनी हक्क सांगितला. "दरवेळी एकाच घरी कायले? आमी का मेलो?" तेव्हाही नवऱ्यानं ऑटोचा वळसा घेतलाच, पण वाटेत कळा सुरू झाल्या आणि तो वळसा थेट सेवाग्रामच्या दवाखान्यात संपला. वहिनी आजही त्याला म्हणतात, पोराचा जन्मदाखला तुझ्या ऑटोच्या नंबरवर काढायला पाहिजे होता.

माझ्या वाट्याला आखाडी आली. आषाढात लेकीला माहेरी बोलावून तळलेलं खाऊ घालतात. मी कॉलेजात ग्रंथपाल होते, लग्न केलं नाही, आणि तळण हा विषय माझ्याकडे कधी नव्हता. मी तिला बोलवायचे. ती यायची, माझ्या कढईकडे पाहायची, पदर खोचायची आणि स्वतः तळायला घ्यायची. मी खायचे. जाताना म्हणायची, "माहेरी आलं का लय आराम भेटते, मॅडम."

ती कुठली, हे मला कधी कळलं ते मी सांगू शकते. उन्हाळ्यात आम्ही सरगुंडे करतो. भिजवलेल्या रव्याची बारीक वळी काडीभोवती गुंडाळायची, अलगद ओढून काढायची आणि वाळवायची. एकटीचं काम नाही, म्हणून बारी लावलेली असते, आज हिच्या ओट्यावर, उद्या तिच्या. त्या दिवशी बारी माझी होती. तिची मुलगी वर्षाची असेल. ती आतल्या खोलीत रडायला लागली, तशी ही उठून गेली आणि तिला झोपवताना काहीतरी गुणगुणू लागली. ते मराठी नव्हतं, हिंदीही नव्हतं. कॉलेजात कोणीतरी दान दिलेली बंगाली पुस्तकं तीस वर्षं मी कपाटात पुसून ठेवली, पण ती भाषा कानाला कशी लागते ते नागपूरच्या एका प्राध्यापिकेमुळे मला माहीत होतं. ती बाहेर आली आणि क्षणभर माझ्याकडे पाहत राहिली. मी काडीवर वळी गुंडाळत होते, वाईट गुंडाळत होते. तिनं माझ्या हातातून काडी घेतली, वळी उलगडली आणि पुन्हा नीट गुंडाळली. मी काही विचारलं नाही. न विचारणं ही आमच्या गल्लीत सभ्यता समजली जाते. आता वाटतं, त्या सभ्यतेत थोडा आळसही होता.

गेल्या हिवाळ्यात आमच्या वाचनालयाचा वर्धापनदिन झाला. वाचनालयात पुस्तकं नेणारे कमी आणि वर्धापनदिनाला येणारे जास्त, ही जुनी परंपरा आहे. या खेपेला परिसंवादाचा विषय होता, 'घुसखोरांचा प्रश्न : कायदा आणि माणुसकी'. अध्यक्ष म्हणून मला बसवलं, कारण मी घरून पायी येते आणि भाषण लांबवत नाही. दीपप्रज्वलनाला सात मान्यवर आणि वाती पाच, त्यामुळे दोघांनी पेटलेल्याच वाती पुन्हा पेटवल्या. मग शाली. माझ्याकडे अशा इतक्या शाली झाल्या आहेत की वर्ध्यात तेवढी थंडी पडत नाही.

परत पाठवण्याच्या बाजूनं एक वकील बोलले. चांगले बोलले. "चुकीच्या दारानं जो आत आला, त्याला घर कितीही आवडलं तरी त्याच दारानं बाहेर गेलं पाहिजे," हे त्यांचं वाक्य टाळ्यांचं होतं. बायकापोरांचं काय, असं सभेतून कोणीतरी विचारलं. ते म्हणाले, कायदा भावनेवर चालत नाही. दुसऱ्या बाजूनं एक प्राध्यापक मानवतेविषयी चाळीस मिनिटं बोलले. त्या चाळीस मिनिटांच्या बोलण्यात एकही जिवंत माणूस आला नाही. समारोपात मी म्हणाले की दोन्ही बाजूंत तथ्य आहे आणि प्रश्न गुंतागुंतीचा आहे. हे वाक्य मी अध्यक्ष म्हणून कुठल्याही विषयावर वापरते. आजवर कोणी तक्रार केलेली नाही.

फराळाचं काम तिच्याकडे होतं. एव्हाना ती सावंगीच्या विद्यार्थ्यांना डबे द्यायची आणि अशा कार्यक्रमांच्या ऑर्डरी घ्यायची. सांबारवड्यांचं, म्हणजे कोथिंबिरीच्या वड्यांचं, ताट घेऊन ती मागच्या दाराशी उभी होती आणि तिनं सगळा परिसंवाद ऐकला, जे व्यासपीठावरच्या आम्हा सगळ्यांना जमलं नव्हतं. वकिलांनी चार वड्या खाल्ल्या. "बाई, ही खरी आपल्या मातीतली चव," ते म्हणाले.

"अजून घ्या ना साहेब," ती म्हणाली.

सगळे गेल्यावर ती नळाशी ताटं घासत होती. मी शाल काखेत मारून निघाले होते.

"मॅडम, थे वकीलसाहेब बोलले थे बरोबर हाय का?"

"दोन्ही बाजूंत…" मी सुरू केलं.

"थे तं माइकवर सांगतलं तुमी," ती हसून म्हणाली. "आता सांगा."

मी म्हणाले, उद्या बोलू. ती म्हणाली, बरं. दुसऱ्या दिवशी तिनं विषय काढला नाही आणि मीही काढला नाही.

महिन्याभरात ठाण्यात एक निनावी अर्ज गेला. वॉर्डात बाहेरच्या देशातली बाई राहते, चौकशी व्हावी. कोणी केला ते कळलं नाही, आणि कळू नये अशीच माझी इच्छा आहे. या गल्लीत मला अजून राहायचं आहे. चौकशीचा अर्थ आम्हाला पेपरातून ठाऊक होता. कागद सापडले नाहीत तर माणसाला सीमेवर नेऊन पलीकडे पाठवतात. म्हणजे ती पलीकडे, आणि नवरा, अकरावीतली मुलगी, पाचवीतला मुलगा अलीकडे.

दुपारी एक हवालदार आले. ती डबे घेऊन सावंगीला गेली होती. हवालदार सभ्य होते. त्यांनी ठरवलं की शेजारच्या तीन बायकांना वेगवेगळं विचारावं, म्हणजे खरं ते कळेल. पद्धत बरोबर होती. प्रश्नही साधा होता, या बाईचं माहेर कुठलं.

सिस्टर म्हणाल्या, "माझ्या गावची हाय. आर्वीकडची. माझ्याच हातानं बाळंतपन झालं तिचं."

किराणावाल्या वहिनी म्हणाल्या, "हिंगणघाटची. माझ्या चुलतभावाची पोरगी. तिले माहेर आमचंच."

मग हवालदार माझ्याकडे आले. मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या प्रबंधातले संदर्भ तपासले आहेत. पान क्रमांक चुकला तर मी लोकांना परत पाठवत असे. मी त्यांना पाणी दिलं आणि म्हणाले, "माझी दूरची भाची आहे. तळेगावची."

"कोणतं तळेगाव?" त्यांनी विचारलं.

आपल्या जिल्ह्यात तळेगावं दोन आहेत हे मला तेव्हा आठवलं. मी अंदाजानं एक सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं आणि आमच्या तिघींच्या सह्या घेतल्या.

संध्याकाळी ओट्यावर आम्ही एकमेकींना सांगायला लागलो की आपण कशी बाजू सांभाळली. तिसरीचं सांगून झालं तेव्हा गावं तीन झाली होती. सिस्टर म्हणाल्या, "मले विचारल्याबिगर काऊन बोलल्या तुमी?" वहिनी म्हणाल्या, "तुमी तरी कुठी विचारलं आमाले?" भांडण खरं होतं, पण कशावरून होतं ते ऐकून मला गंमत वाटली. ती कोणाची, यावरून दोघी भांडत होत्या. ती मध्ये बसून लसूण सोलत होती आणि मान वर करत नव्हती.

चौथ्या दिवशी तिला ठाण्यात बोलावलं, आम्हा तिघींसह. अधिकारी तरुण होते. त्यांनी आम्हाला खुर्च्या दिल्या, पंखा आमच्याकडे वळवला आणि तीन कागद टेबलावर ओळीनं मांडले.

"आर्वी," ते म्हणाले. "हिंगणघाट. तळेगाव. तिन्ही जबाब सहीचे आहेत." मग माझ्याकडे पाहून, "मॅडम, तुम्ही तर शिकलेल्या."

मी माझ्या कागदावरची सही पाहिली. सिस्टर सावरू लागल्या, "म्हातारपन हाय साहेब, गावाचं नाव चुकलं असन…"

"सिस्टर, राहू द्या," ती म्हणाली. ती उभीच होती. खुर्ची दिली तरी बसली नव्हती. "साहेब, याईचं काई लिहू नका. याईनं माह्यासाठी खोटं सांगतलं. आन खोटं बोलाची आदत नाई याईले, तुमीच पाहा ना, एकमेकीले विचारलं सुदा नाई."

अधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवलं.

"तुमचं गाव कोणतं?"

"बांगलादेशात होतं. पद्मेच्या काठावर."

"होतं म्हणजे?"

"नदीनं नेलं. पयले वावर गेलं, मंग शाळा, मंग आमचं घर. माय त्याच्या पयलेच मेली होती. मामा मच्छरदान्या विकत इकडे यायचा, त्यानं मले संगं आनलं. आठ-नऊ वर्साची असन मी. मामा इथंच वारला. मंग खानावळीतल्या बाईनं ठेवून घेतलं." तिनं खाली ठेवलेल्या पेनाकडे पाहिलं. "नदीचं नाव लिहा साहेब. गावाचं लिहून काई फायदा नाई. थे कोनाले सापडनार नाई."

मग वहिनी रडायला लागल्या आणि सिस्टरनी त्यांना कोपरानं ढोसलं. अधिकाऱ्यांनी आमचे तिन्ही कागद एकत्र केले, टाचणी लावली आणि ते फाइलच्या अगदी तळाशी ठेवले. आमच्यावर काही करणार नाही म्हणाले. तिच्याबद्दल मात्र म्हणाले की आता हे माझ्या हातात नाही, वर पाठवावं लागेल. वरून काही येईपर्यंत तिनं दर सोमवारी अकरा वाजता हजेरी द्यायची.

बाहेर आल्यावर नवऱ्यानं ऑटो सुरू केला नाही. तो हँडलवर हात ठेवून बसला होता. ती मागे बसली. मग तो म्हणाला, "अठरा वर्सं झाली आपल्याले. मले नदीचं सांगतलं नाईस कधी."

"तुमी विचारलंच नाई," ती म्हणाली. "तुमाले म्या अनाथ सांगतलं, थे खरंच होतं."

वकील पाहायला हवा होता. आम्हाला माहीत असलेला वकील एकच, परिसंवादातला. मला जायची लाज वाटत होती, तिचा नवरा गेला. वकिलांनी सगळं ऐकून घेतलं. ती कोण हे त्यांच्या लक्षात यायला वड्यांचा उल्लेख करावा लागला. मग ते उठून खिडकीशी गेले आणि म्हणाले, "व्यासपीठावर माणूस धोरण बोलतो. कागद आणा, लग्नाचा, दवाखान्याचा, मुलांच्या शाळेचा, सगळा." मुलांचं काय, असं नवऱ्यानं विचारलं, तेव्हा त्यांनी खिडकी लावून घेतली. आई बेकायदा ठरली तर मुलांच्या नागरिकत्वाचाही प्रश्न येतो, ते आपण पुढे पाहू, एवढं म्हणाले. त्यांचं मत बदललं असं मी म्हणणार नाही. परवाच एका कार्यक्रमात तेच दाराचं वाक्य त्यांनी पुन्हा म्हटल्याचं वाचलं. पण तिला इथेच राहू द्यावं या अर्जासाठी ते दोनदा नागपूरला जाऊन आले. प्राध्यापकांनाही मी भेटले होते. त्यांनी या विषयावर लेख लिहायचं आश्वासन दिलं.

पहिल्या सोमवारी ती निळी बॅग घेऊन निघाली. दोन साड्या, गोळ्या, मुलांचा एक फोटो. ठाण्यातूनच नेलं तर, म्हणून. मुलगी कॉलेजला जाईना, दाराशी उभी राहून बॅगेकडे पाहत होती. सिस्टरनी समोरून पाहिलं, गल्ली ओलांडली, बॅग तिच्या हातातून घेतली आणि परत जाऊन आपल्या घरात ठेवली.

"बॅग माहेरी राहीन," त्या म्हणाल्या. "लागली तं मी आनून देतो. आन एकटी नको जाऊ. मी येतो."

पुढच्या सोमवारी वहिनी गेल्या, दुकान नवऱ्यावर सोडून. त्याच्या पुढच्या सोमवारी मी. मग गल्लीतल्या ज्या बायकांना आम्ही विचारलंही नव्हतं, त्या म्हणायला लागल्या, आमची बारी कधी. आता सरगुंड्यांसारखी यादी लागली आहे. ती वहिनींच्या दुकानात, साखरेच्या पोत्यामागे भिंतीला चिकटवलेली आहे. त्या यादीत एक अशी बाई आहे, जी वाचनालयात वकिलांच्या वाक्याला पहिल्या रांगेतून टाळ्या वाजवत होती. तिनं कारण सांगितलं नाही. मी विचारलं नाही. या वेळी मात्र आळसानं नाही.

ठाण्यात फारसं काही होत नाही. बाकावर बसायचं, रजिस्टर आलं की सही करायची. ती मराठीत सही करते, सावकाश, वेलांटी राहू नये म्हणून थांबून. हवालदार म्हणतात, "पुढच्या सोमवारी." इतक्या सोमवारांत वरून काही आलेलं नाही. वकील म्हणतात, न येणं चांगलं. सिस्टर म्हणतात, न येणं म्हणजे अजून यायचं आहे. दोन्ही बाजूंत तथ्य आहे असं माझ्या ओठांवर येतं, ते मी गिळते.

परिसंवादाच्या दिवशीचं उत्तर मी तिला एका सोमवारी बाकावर दिलं. म्हणाले, "वकीलसाहेबांचं बरोबर नाही."

तिनं थोडा विचार केला. "इतका टाइम लागला तुमाले?"

"हो."

"मावशीले लागतेच," ती म्हणाली. जबाबात मी भाची म्हटल्यापासून तिनं मॅडम म्हणणं सोडलं आहे. माझा जबाब खोटा ठरला, फाइलच्या तळाशी गेला, पण ते तिला चालतं.

आज माझी बारी होती. दहाला ऑटो दारात आला. तिनं सकाळपासून चाळीस डब्यांचा स्वयंपाक उरकला होता. हाताला हळदीचा रंग होता. ठाणं आमच्या गल्लीतून सरळ रस्त्यानं दहा मिनिटांवर आहे. तिच्या नवऱ्यानं ऑटो उलट दिशेला वळवला. दर सोमवारी वळवतो. रेल्वे स्टेशन, सेवाग्रामचा फाटा, तिथून परत. त्याला कोणी काही म्हणत नाही. तीही म्हणत नाही. बाहेर पाहत बसते. फाट्यापाशी आलो तेव्हा तिनं माझ्या घड्याळात पाहिलं आणि पुढे वाकून त्याच्या खांद्याला हात लावला.

"येतानी मात्र सिधे आनजा बरं," ती म्हणाली. "साडेबाराले डबे न्याचे हायेत."

त्यानं आरशात तिच्याकडे पाहिलं, मान हलवली आणि ऑटो ठाण्याकडे वळवला.